गुलामांना लिहू दिलं नाही, मग त्यांचा इतिहास लिहितात कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विषयांवर विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था सतत नवी जाडजूड पुस्तकं काढत आहेत. पण गुलामांना लिहायला शिकवायलाच बंदी होती. मग लेखकांना एवढा तपशील मिळतो कुठून? त्यातलं मानायचं किती? आणि जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधकांना अर्पण केली होती, एवढंच ज्याला ठाऊक आहे अशा मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी?

हा तपशील तीन ठिकाणांहून येतो: मालकाचं दप्तर, जमिनीखालचा ऐवज आणि वंशजांच्या घरांत चालत आलेल्या हकिकती. माझं काम दुसऱ्या प्रकारातलं. खापरं, मणी, खिळे, जनावरांची हाडं धुणं, मोजणं, नोंदवणं यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जमिनीकडे माझा कल थोडा जास्त आहे हे धरूनच पुढचं वाचा. नवं पुस्तक हाती आलं की मी एवढंच पाहतो: लेखकाने या तिन्ही साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आहे, की एकाचंच बोट धरून तो शेवटपर्यंत गेला आहे.

आधी दप्तर. बंदी खरीच होती. साउथ कॅरोलायनाने 1740 च्या कायद्यात गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला दंड ठेवला होता. म्हणून कागद कमी आहेत असं मात्र नाही, उलट ढिगाने आहेत. विक्रीच्या पावत्या, गहाणखतं, मेलेल्या मालकाच्या मालमत्तेच्या याद्या, पळालेल्या माणसाला पकडून देण्यासाठी वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती, जहाजांच्या नोंदी. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या माहितीसंचात अटलांटिक ओलांडणाऱ्या सुमारे 36 हजार सफरी नोंदवलेल्या आहेत. त्यावरून काढलेला अंदाज असा, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे 1 कोटी 25 लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे 1 कोटी 7 लाख पलीकडे जिवंत उतरली. यातली थेट उत्तर अमेरिकेत उतरलेली माणसं चार लाखांच्या आत आहेत. बाकीची बहुतेक ब्राझीलला आणि कॅरिबियन बेटांवर गेली. इंग्रजी पुस्तकांची दुकानं पाहिली तर हे प्रमाण उलटंच वाटेल.

या कागदांत माणूस येतो तो किंमत, वय आणि कामाचा प्रकार एवढंच घेऊन. पण कागद आडवे-उभे लावून वाचणारा भेटला, की मालकाचं दप्तर मालकाविरुद्धही साक्ष देतं. थॉमस जेफर्सन यांचं उदाहरण घ्या. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्यांच्या घरातल्या सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीची मुलं त्यांचीच, असं तिचा मुलगा मॅडिसन याने 1873 साली एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं. नामांकित इतिहासकारांनी ते शंभराहून अधिक वर्षं बाजूला सारलं. हेमिंग्जच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी जेफर्सन मॉन्टिसेलोच्या आपल्या घरीच होते, हे त्यांच्याच नोंदींवरून दिसत होतं, तरीही! वकिलीचं शिक्षण घेतलेल्या ॲनेट गॉर्डन-रीड यांनी 1997 च्या पुस्तकात कोर्टात करतात तशी दोन्ही बाजूंची साक्ष तोलली आणि दाखवून दिलं, की मालकाच्या नातवंडांचा शब्द पुरावा मानला जात होता आणि गुलाम स्त्रीच्या मुलाचा शब्द अफवा. पुढच्याच वर्षी डीएनए चाचणीत हेमिंग्जच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचा धागा जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळला. डीएनएने वाद मिटवला असं आता सगळे म्हणतात. माझ्या मते वाद आधीच मिटला होता, चाचणीने फक्त हट्टी लोकांची सोय केली.

आता जमीन. या विषयातलं आजचं निम्मं लेखन ज्या एका जागेच्या सावलीत उभं आहे, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला, 290 ब्रॉडवे या पत्त्यावर, केंद्र सरकारची उंच इमारत बांधायचं ठरलं. सरकारी पैशाने काही बांधायचं तर आधी त्या जागेचं ऐतिहासिक मोल तपासावं लागतं, असा तिथे 1966 पासून कायदा आहे. 1755 च्या नकाशावर त्याच भागात कृष्णवर्णीयांची दफनभूमी स्पष्ट दाखवलेली होती. पण नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी ती केव्हाच नष्ट केली असणार, असं गृहीत धरलं गेलं. प्रत्यक्षात ती जमीन मुळात खोलगट होती. शहर वाढलं तशी तिच्यावर भर पडत गेली आणि थडगी त्या भरावाखाली सुखरूप राहिली. 1991 मध्ये खोदाई सुरू झाली आणि सांगाडे निघायला लागले. एकूण 419 निघाले. सगळ्या दफनभूमीत मिळून पंधरा हजारांच्या आसपास माणसं पुरली गेली असावीत असा अंदाज आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, कदाचित त्याही आधीपासून, 1790 च्या दशकापर्यंत ती वापरात होती.

बांधकामाची घाई होती. काही थडग्यांची नासधूस झाली. शहरातल्या कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी तो उचलून धरला आणि 1992 मध्ये अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर खोदाई थांबली. सांगाड्यांचा अभ्यास कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ असलेल्या हॉवर्ड विद्यापीठाकडे, मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली गेला. माझ्या दृष्टीने कलाटणी इथे आहे. आधीच्या पथकाचा रोख कवटीच्या मोजमापांवरून वंश ठरवण्याकडे होता. ती दफनभूमी कोणाची हे नकाशावरच लिहिलेलं असताना त्यातून हाती काय लागणार? ब्लेकींच्या पथकाने वंशजांनाच विचारलं, की तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे. त्यातून चार प्रश्न ठरले: ही माणसं आली कुठून, जगली कशी, इथे येऊन त्यांच्यात काय बदललं आणि त्यांनी प्रतिकार कसा केला. पुढचं सगळं काम या चार प्रश्नांभोवती झालं.

उत्तरं सुन्न करणारी आहेत. वय ठरवता आलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मुलं होती. दातांच्या लुकणावर, म्हणजे वरच्या टणक थरावर, बालपणातल्या उपासमारीच्या आणि आजारपणाच्या रेघा होत्या. स्नायू हाडाला जिथे चिकटतात त्या जागा ताणाने दणकट झालेल्या, फाटलेल्या होत्या, आणि मानेवर, पाठीच्या कण्यावर ओझ्याच्या खुणा होत्या. बायकांच्याही! गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतली कापसाची शेतं, असं डोक्यात बसलेल्या वाचकाला हे न्यूयॉर्क नवं असतं. तिथे गुलामगिरी पूर्णपणे संपली ती 1827 साली.

एका थडग्यात एका प्रौढ स्त्रीच्या कमरेभोवती शंभराहून अधिक मणी आणि काही कवड्या मिळाल्या. तिचे दात कानशीने घासून आकार दिलेले होते. आफ्रिकेत जन्मून तिथेच लहानाची मोठी झाल्याची ही खूण मानतात. कवड्यांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चालणाऱ्या कवड्यांचा मोठा वाटा मालदीवचा. त्या हिंदी महासागरातून युरोपीय जहाजांत भार म्हणून जात, तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आणि त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली जात.

आता याच्या शेजारी दप्तर ठेवा. न्यूयॉर्कच्या 1722 च्या कायद्याने गुलामांना रात्री प्रेतं पुरायला मनाई केली. 1731 मध्ये अंत्ययात्रेला बारापेक्षा जास्त माणसं नकोत असं ठरलं. जमाव जमला की बंड शिजतं, ही भीती. जमिनीखाली मात्र बहुतेकांना स्वतंत्र थडगं आहे, पेटी आहे, डोकं पश्चिमेला आहे, कफनाला टोचलेल्या तांब्याच्या टाचण्या आहेत. फक्त कायदा वाचणारा लेखक दडपशाहीचं पुस्तक लिहील आणि फक्त थडगी पाहणारा श्रद्धेचं. दोन्ही समोर ठेवली की कळतं, की हे सगळं बारा माणसांत, दिवसाउजेडी, पाळतीखाली उरकलं जात होतं.

इथवर सगळं सरळ आहे. सावध व्हायचं ते वस्तूंच्या अर्थाशी. याच दफनभूमीत एका शवपेटीच्या झाकणावर छोट्या लोखंडी खिळ्यांनी काढलेला, पत्त्यांतल्या बदामासारखा आकार मिळाला. तो घानातल्या आकान लोकांच्या ‘सांकोफा’ चिन्हाचा असावा असं मांडलं गेलं. मागे वळून जे राहिलं ते घेऊन ये, असा त्याचा आशय. हे चिन्ह पुढे तिथे उभारलेल्या स्मारकावर कोरलं गेलं. 2010 मध्ये एरिक सीमन या इतिहासकाराने दाखवलं, की त्या काळात गोऱ्यांच्या पेट्यांवरही खिळ्यांनी असे बदाम काढत, आणि अठराव्या शतकात सांकोफा या रूपात वापरात होतं याला आधार मिळत नाही. माझं मत सीमनच्या बाजूने झुकतं. तरीही स्मारकावरचं चिन्ह काढा असं मी म्हणणार नाही. वंशजांनी आज त्याला दिलेला अर्थ त्यांचा आहे, आणि तो अठराव्या शतकातल्या सुताराच्या मनात होता की नाही हा वेगळा प्रश्न आहे. चांगलं पुस्तक हे दोन प्रश्न वेगळे ठेवतं. घाईचं पुस्तक सांकोफा म्हणून मोकळं होतं आणि टीपसुद्धा देत नाही.

असं हे एकदाच घडलेलं नाही. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनात हाताने घडवलेली, कमी आचेवर भाजलेली, बिनझिलईची खापरं मोठ्या प्रमाणात मिळतात. 1960 च्या दशकात ती मूळनिवासी इंडियनांची समजली गेली. पुढे लेलंड फर्ग्युसन यांनी मांडलं, की त्यातली पुष्कळशी गुलाम आफ्रिकींनी बनवलेली आहेत. नदीपात्रांत मिळालेल्या काही वाडग्यांच्या बुडावर फुलीची खूण होती, तिचा संबंध त्यांनी कांगो प्रदेशातल्या लोकांच्या विश्वचित्राशी जोडला. पहिला मुद्दा आज बराचसा टिकून आहे, आणि या मडक्यांत दोन्ही समाजांचा हात होता असं बहुतेक जण मानतात. फुलीचा मुद्दा मात्र डळमळीत आहे. फुली जगात कुठेही निघू शकते. निळ्या मण्यांचंही तसंच. दृष्ट लागू नये म्हणून घातले असतील, किंवा त्या भागातल्या दुकानात निळेच जास्त मिळत असतील. ‘आफ्रिकेची खूण’ सापडल्याचा आनंद समजण्यासारखा आहे. चार्ल्स फेअरबँक्स यांनी 1968 मध्ये फ्लोरिडातल्या किंग्जली मळ्यावर गुलामांच्या झोपड्या खणल्या, तेव्हापासून हा शोध सुरू आहे आणि त्यांनाही ठळक असं फारसं मिळालं नव्हतं.

मला स्वतःला याहून जास्त पटतं ते ज्यात एकेका वस्तूला बोलायला न लावता पुष्कळ वस्त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आहेत असं काम. व्हर्जिनियात गुलामांच्या खोल्यांच्या जमिनीत, बरेचदा चुलीजवळ, चौकोनी खड्डे मिळतात, काहीसे आपल्याकडच्या पेवांसारखे, पण छोटे. मालक तक्रार करत, की यात चोरीचा माल लपवतात. कोणी म्हणतं रताळी ठेवायला, कोणी म्हणतं देवाचं ठिकाण. मॉन्टिसेलोचे पुरातत्त्वज्ञ फ्रेझर नीमन यांनी अनेक वस्त्यांचा काळानुसार हिशेब मांडला. एकाच मोठ्या घरात एकमेकांशी नातं नसलेली माणसं कोंबलेली असत तेव्हा खड्डे पुष्कळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुटुंबागणिक छोटी घरं मिळायला लागली, तसे खड्डे कमी होत गेले. म्हणजे परक्यांत राहताना प्रत्येकाला आपलं किडुकमिडुक राखायला जागा लागत होती आणि घरच्यांत राहायला मिळाल्यावर ती गरज उरली नाही. आपली माणसं जवळ असण्यासाठी चाललेला झगडा एकाही मालकाने वहीत लिहिला नसेल, पण तो जमिनीत मोजता आला. सगळे खड्डे याच कारणाने खणले असं नीमनही म्हणत नाहीत. या मळ्यांची आकडेवारी मॉन्टिसेलोहूनच 2000 सालापासून खुल्या माहितीसंचात घातली जाते आहे, त्यामुळे कोणीही पडताळून पाहू शकतं.

काही ठिकाणी दप्तर आहे, पण दुसऱ्याच साम्राज्याचं. इंग्रज वसाहतींतून पळून स्पॅनिश फ्लोरिडात येईल आणि कॅथलिक होईल त्याला स्वातंत्र्य, असं स्पेनच्या राजाने 1693 मध्ये जाहीर केलं होतं. त्यातून 1738 मध्ये सेंट ऑगस्टीनजवळ फोर्ट मोसे हे मुक्त आफ्रिकींचं ठाणं उभं राहिलं. फ्रान्सिस्को मेनेंदेस हा तिथला कप्तान, स्वतः पूर्वीचा गुलाम. 1980 च्या दशकात कॅथलीन डीगन यांनी ती जागा खणली आणि जेन लँडर्स यांनी स्पॅनिश कागदांतून तिथली माणसं नावानिशी शोधली. याच्या उलट टोक म्हणजे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरची ग्रेट डिस्मल ही दलदल. पळालेली माणसं तिथल्या उंचवट्यांवर पिढ्यान्पिढ्या राहिली. दप्तर असणारच नाही, कारण दप्तरापासून लांब राहण्यासाठीच तर ती तिथे गेली. डॅनियल सेयर्स यांना चाळणीत मिळाले ते बोटाच्या नखाएवढे तुकडे, आणि मूळनिवासींनी शेकडो वर्षांपूर्वी टाकलेली दगडी हत्यारं पुन्हा धार लावून वापरलेली. दलदलीत दगड मिळत नाही, जे होतं ते पुन्हा पुन्हा वापरायचं.

तिसऱ्या साक्षीदाराकडे, म्हणजे तोंडी हकिकतींकडे, माझ्यासारखी माणसं फार उशिरा वळली. गुलाम आणायला 1808 पासून बंदी असताना 1860 मध्ये ‘क्लोटिल्डा’ नावाचं जहाज 110 माणसं घेऊन अलाबामातल्या मोबीलला चोरून आलं आणि पुरावा राहू नये म्हणून जाळलं गेलं. त्या माणसांनी मुक्तीनंतर आफ्रिकाटाउन वसवलं. जहाजाची कथा त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी दीडशे वर्षं सांगितली, आणि ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांनी ती दंतकथा मानली. 2019 मध्ये नदीतल्या गाळात सापडलेल्या जहाजाच्या सांगाड्याची ओळख पटली: क्लोटिल्डाच. त्या जहाजातून आलेल्या कजो लुईस यांची मुलाखत झोरा नील हर्स्टन या लेखिकेने 1920 च्या दशकातच घेतली होती. लुईस यांची बोली जशीच्या तशी प्रकाशकाला नको होती. ते हस्तलिखित छापलं गेलं 2018 मध्ये. ‘नवं’ पुस्तक कधी कधी असं नव्वद वर्षांचं असतं.

तोंडी साक्षही आंधळेपणाने घेऊ नये. 1936 ते 1938 मध्ये सरकारी योजनेतून पूर्वीच्या गुलामांच्या 2,300 हून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. विचारणारे बहुतेक गोरे, काही तर त्याच गावच्या मालक घराण्यांतले, आणि उत्तर देणारे मंदीच्या काळात पोटाला चिमटा घेऊन जगणारे म्हातारे, पेन्शनची आशा असलेले. ‘मालक चांगला होता’ हे वाक्य अशा मुलाखतीत आलं, तर ते कोणासमोर आलं याचा विचार लेखकाने केला आहे का, हे पाहा.

अलीकडच्या पुस्तकांत एक नवी वाट दिसते. एकच वस्तू घ्यायची आणि कागद जिथे संपतात तिथे इतिहासकाराने जाहीरपणे कल्पना करायची. टाया माइल्स यांनी एका कापडी पिशवीवर असं पुस्तक लिहिलं. रोझ नावाच्या आईने नऊ वर्षांच्या ॲश्लीला, ती विकली जात असताना, एक फाटका झगा, तीन मुठी पेकानचे दाणे आणि आपल्या केसांची वेणी घालून ती पिशवी दिली. मायलेकी पुन्हा भेटल्या नाहीत. पुढे ॲश्लीच्या नातीने, रूथ मिडलटनने, 1921 मध्ये हे सगळं पिशवीवर भरतकामात लिहून ठेवलं. या नावाच्या मायलेकी माइल्स यांनी साउथ कॅरोलायनातल्या एका मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत शोधल्या. बाकी बरंचसं ‘असावं’, ‘असेल’ आहे आणि ते तसंच लिहिलं आहे. काही सहकाऱ्यांना ही पद्धत रुचत नाही. मला चालते, जोवर ‘होतं’ आणि ‘असावं’ यांतली सीमा पानोपानी राखली जाते.

मराठी वाचकाला एक खबरदारी. ही पुस्तकं वाचून झाल्यावर जंजिऱ्याच्या सिद्दींकडे किंवा खुलताबादला दफन झालेल्या मलिक अंबरकडे पाहताना अमेरिकेचा मळा डोळ्यांसमोर आणू नका. अंबर इथिओपियातून विकला जात जात दख्खनला आला, निजामशाहीचा कारभारी झाला, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी त्याने खडकी वसवली आणि 1626 मध्ये तो वारला तेव्हा मुघलांना दीर्घकाळ झुंजवलेला सेनापती होता. लष्करी गुलामगिरीचा तो वेगळा व्यवहार. खरा धागा शोधायचा तर गोव्यात आहे. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्याहून चालत असे आणि गोव्यातल्या घरांत आफ्रिकी गुलाम राबत. पणजीच्या पुराभिलेखागारातली पोर्तुगीज दप्तरं या दृष्टीने वाचायला मराठी-कोंकणी माणसं पुढे आली, तर मला फार आनंद होईल.

सुरुवात विकत न घेताच करता येते. न्यूयॉर्कच्या दफनभूमीचे अहवाल, स्लेव्ह व्हॉयेजेस आणि मॉन्टिसेलोचा माहितीसंच, तिन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. अहवालातला इतिहासाचा खंड आधी घ्या, मग उत्खननाचा. हाडांचा खंड शेवटी, आणि त्यातले तक्ते पहिल्या वाचनात सोडून दिले तरी चालेल. त्यानंतर कुठलंही नवं पुस्तक हातात आलं, की मागची टिपांची पानं आधी उघडा. तिथे फक्त इतर पुस्तकंच असतील आणि एकही मूळ दप्तर, खोदाईचा अहवाल किंवा मुलाखत नसेल, तर ते वाचनालयातून आणून वाचलेलं बरं.